खुर्ची नसलेली मॅनेजर

सांडोरमध्ये रविवारच्या पहिल्या मिस्सेला फादर प्रवचनाला उभे राहिले की अर्धं गाव घड्याळाकडे बघतं. फादर माणूस देवाचा, पण बोलायला लागले की थांबायचं कुठं ते त्यांना कळत नाही. मोशेपासून सुरुवात करतात आणि पाण्याच्या टँकरवर येऊन पोचतात. पुरुषमंडळी हळूच मागच्या दाराशी सरकतात, पोरं चुळबुळ करतात, म्हाताऱ्या चक्क डुलक्या काढतात. एकटी रोवेना तेवढी डोळे मिटून मागत असते, की देवा, फादरांना अजून काहीतरी आठवू दे. कारण मिस्सेत उभं राहायचं असतं, गुडघे टेकायचे असतात, आणि प्रवचनाला मात्र बसायचं असतं. आठवड्यातली तिची हक्काची बैठक तेवढीच.

रोवेना कामाला होती वसई स्टेशनजवळच्या एका तीन मजली दुकानात. लग्नाचे कपडे. खाली सूट आणि शेरवानी, मधे गाऊन, वर साड्या. रोवेना वरच्या मजल्यावर. सकाळी दहा ते रात्री साडेआठ, आणि या सगळ्या वेळात जेवणाची वीस मिनिटं सोडली तर बसायचं नाही. काउंटरला टेकायचंही नाही. शेठ बोरिवलीला घरी सोफ्यावर बसून मोबाईलवर कॅमेरे बघायचे. दुकानात दिवसभर सनई वाजत असायची, आणि सनई मधेच थांबली की सगळ्या पोरी पाठ ताठ करून उभ्या राहायच्या. मग छतातल्या स्पीकरमधून शेठचा आवाज यायचा, "तिसऱ्या काउंटरवर कोण टेकलंय?" आवाज एकदम गोड. तेच जास्त वाईट. ओरडणाऱ्या माणसाला मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात.

शेठचे नियम दोनच होते आणि ते जिन्याशी फ्रेम करून लावले होते. पहिला, गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं. दुसरा, स्टाफने बसायचं नाही. चेहरा हसरा ठेवायचा हे लिहिलेलं नव्हतं, पण कोणाचा चेहरा पडला की तेही छतातून कळायचं. साठ साड्या उलगडून बाई म्हणते, "छान आहेत, मिस्टरांना विचारून येते," तेव्हाही हसायचं. संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात, टाचांत कोणी खिळे ठोकल्यासारखं होतं, तेव्हाही हसायचं. रोवेना इतकी हसायची, की घरी येऊन तोंड धुताना गाल दुखायचे. आता गालही दुखू शकतात हे कोणाला सांगायला जावं, तर लोक वेड्यात काढतील.

आणि घरी कोणाला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे मम्मीला माहीत नव्हतं. घरात मम्मीशिवाय होतंच कोण? पप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती.

मम्मीचं नाव बेटी. तिने तीस वर्षं घरच्या केळीच्या आणि भाजीच्या वाडीत वाकून काम केलं होतं आणि दोन्ही गुडघे त्या वाडीत ठेवून आली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता वाफ्यात उतरलात तर काठी नाही, वॉकर घ्यावा लागेल. रोवेनाच्या पगारावर घर चालायला लागलं तेव्हा कुठे ती थांबली. नोकरीच्या पहिल्या दिवशी रोवेना घरी आली तेव्हा बेटीने जेवण वाढायच्या आधी एकच विचारलं, "खुर्ची आहे ना गं?" काय बोलणार? रोवेना म्हणाली, "आहे." खुर्ची नाही म्हटलं असतं तर बेटी म्हणाली असती, सोड ती नोकरी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विळा घेऊन वाडीत. तिला रोवेना चांगली ओळखून होती.

पण खोटं काही एका खुर्चीवर भागत नाही. खुर्ची म्हटल्यावर टेबल आलं. टेबलावर कॉम्प्युटर आला. उन्हाळ्यात बेटीने विचारलं, "पंखा तुझ्या डोक्यावर आहे की लांब?" तर रोवेनाने एसी देऊन टाकला. नाताळपर्यंत बेटीने तिला मॅनेजर करून टाकलं. ते मात्र रोवेना म्हणाली नव्हती हं. बेटी शेजारच्या नॅन्सीला सांगत होती आणि रोवेना आतून ऐकत होती. बाहेर येऊन ते खोडून काढायला हवं होतं. पण बेटीचा आवाज इतका खूश होता, की रोवेनाने आत बसून नुसते पाय चोळले.

असं चार वर्षं सुरळीत चाललं. मग गॉडफ्रेचं लग्न ठरलं.

गॉडफ्रे म्हणजे तिचा चुलतभाऊ, फ्लॉसीकाकीचा मुलगा. आता या घरांत लग्नाचे कपडे घ्यायला नुसते नवरा आणि त्याची आई जात नाहीत. सगळे जातात. काक्या, आत्या, मामी, त्यांच्या सुना, एक टेम्पो आणि डबे. "कपडे कुठून घ्यायचे?" असं फ्लॉसीकाकीने विचारलं तेव्हा बेटीने मान ताठ केली आणि म्हणाली, "विचारायचं काय त्यात? आपली रोवेना आहे की तिथे मॅनेजर." अठरा माणसं, शनिवारी अकरा वाजता.

रोवेनाच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दिवस तिला जेवण गेलं नाही. आजारी पडावं असं मनात आलं, पण मॅनेजर आजारी पडली तर बेटी सगळ्या दुकानाला तिची चौकशी करत फिरली असती. शेवटी तिने जेवणाच्या वीस मिनिटांत क्षितिजाला सगळं सांगितलं.

क्षितिजा तिच्याच काउंटरवरची. विरारच्या फुलपाड्याहून यायची, वयाने लहान, जिभेने मोठी. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "टेन्शन नको घेऊ यार. शनिवारी तू मॅनेजर. मी तुला मॅडम म्हणते, हाय काय नि नाय काय. जिन्याच्या बाजूला तो नवरी-पुतळा आहे ना, त्याच्या मागे कॅमेरा पोचत नाही. तिथे बसायचं तू, ऑर्डर सोडायच्या. साड्या मी दाखवते."

"अठरा माणसांना एकटी?"

"तू पण मला एकदा असंच कर. माझ्या सासूला घेऊन येते."

राहिला प्रश्न खुर्चीचा. स्टाफमध्ये खुर्ची एकट्या काशीरामकाकांना होती. ते बिलाच्या टेबलाशी बसायचे. जूचंद्रकडचे, खाडीकाठच्या घरातले, साठीला आलेले. रोवेना भीत भीत त्यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ने बाय. दोन तास उभा ऱ्हायलो म्हनून मी काय मरत नाय. पन शेटने विचारलं तर मी खुर्ची झाडायला दिली असं सांगेन."

शनिवारी टेम्पो आला. अठरा माणसं जिना चढून वर आली, धापा टाकत, डब्यांसकट. पुतळ्याच्या आडोशाला खुर्चीवर रोवेना बसली होती. हातात एक वही आणि पेन, वहीत काही नाही. बेटीने जिन्यातूनच तिला बघितलं आणि थांबली. नुसती बघत राहिली. तिच्या मागे सतरा माणसं अडकली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग फ्लॉसीकाकीला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ."

खरं सांगायचं तर त्या क्षणी रोवेनाला वाटलं, चार वर्षं उभं राहिल्याचं चीज झालं.

ते वाटणं जेमतेम पाऊण तास टिकलं. पाहुण्यांना शेठने सोफे ठेवले होते, त्यावर मंडळी ऐसपैस बसली. आणि क्षितिजा एकटी. वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायचे, उलगडायचे, खांद्यावर टाकून दाखवायचे, "काकी, हा रंग तुमच्यावर उठून दिसेल," म्हणायचं, घडी घालायची, पुन्हा शिडी. फ्लॉसीकाकीला मोरपिशी हवी होती, पण फार मोरपिशी नको होती. एका मामीला काहीच घ्यायचं नव्हतं, पण सगळं बघायचं होतं. क्षितिजा बगळ्यासारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती आणि मधून मधून रोवेनाकडे बघून, "मॅडम, नारायणपेठ काढू का?" असं विचारत होती. रोवेना खुर्चीत बसून मान हलवत होती. चार वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती खुर्ची तिला आता टोचत होती. तिचे हात आपोआप घडी घालायला उचलले जायचे आणि ती ते पुन्हा मांडीवर ठेवायची.

बेटी साड्या बघतच नव्हती. ती क्षितिजाचे पाय बघत होती. ज्या बाईने आयुष्यभर वाडीत बायका कामाला लावल्या, तिला थकलेले पाय लांबून कळतात. बेटीच्या वाडीत एक रीत होती. कामाला बाई आली की आधी तिला ओट्यावर बसवायचं, चहा-पाव द्यायचा, मग वाफ्यात उतरवायचं. दहाच्या न्याहारीला सगळ्यांनी एकत्र बसायचं, मालकीण असो की रोजावरची. ही रीत बेटीने कर्ज असतानाही मोडली नव्हती.

"पोरी, तू सकाळपासून बसलीस का गं?" तिने क्षितिजाला विचारलं.

"सवय आहे काकी," क्षितिजा हसून म्हणाली. शेठला आवडतं तसं.

बेटी उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. पुतळ्यापाशी आली आणि लेकीसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण सोफ्यावरच्या माना वळल्या.

"रोवेना, तू खुर्चीवर बसून वही घेऊन बघत्येस, आणि ती पोर दोन तास उभी आहे. तुला दिसत नाही?"

"मम्मी, ते इथे…"

"इथे काय? मॅनेजर आहेस ना तू? तुझ्या हाताखालच्या पोरींना तू उभं ठेवतेस? मला वाटलं होतं तुला खुर्ची मिळाली म्हणजे माझ्या जिवाला सुख झालं. अशी खुर्ची असेल तर नको मला. मी तुला हे शिकवलं?"

रोवेनाला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या बाईसाठी चार वर्षं पाय मोडून घेतले, ती बाई आज पहिल्यांदा तिची लाज वाटल्यासारखी बघत होती. खरं सांगावं तर अठरा माणसांसमोर मम्मीची शोभा आणि उद्यापासून विळा. गप्प राहावं तर जन्मभर मम्मीच्या नजरेत ही अशी.  ती नुसती उठून पुतळ्याच्या पुढे येऊन उभी राहिली. उभं राहणं तेवढं तिला येत होतं.

बेटीने खुर्ची धरली आणि फरफटत थेट काउंटरपाशी नेली. "बस," ती क्षितिजाला म्हणाली. "काकी, नको, प्लीज," क्षितिजा म्हणाली आणि वर बघितलं. बेटीने तिला खांदे धरून खाली बसवलं.

सनई थांबली.

"क्षितिजा, बसली का तू?" छतातून गोड आवाज आला. "आणि काशीरामची खुर्ची तिथे कशी? रोवेना, तू पुतळ्यापाशी काय करतेस? आज पार्टी तुझ्या काउंटरला आहे, तर तू कोपऱ्यात? चल, पैठण्या दाखवायला घे. आणि सगळ्यांना माहीत आहे ना, स्टाफने बसायचं नाही?"

सनई पुन्हा सुरू झाली. क्षितिजा खुर्चीवरून कधीच उठली होती. बिलाच्या टेबलाशी उभे असलेले काशीरामकाका जमिनीकडे बघत होते.

"अगं बेटी," फ्लॉसीकाकी म्हणाली, "ही मॅनेजर नाही?"

बेटीने एकदा लेकीकडे बघितलं. चेहऱ्याकडे, मग खाली, सुजलेल्या पायांवर घट्ट बसलेल्या चपलांकडे. त्या चपला ती रोज दारात बघत होती. मग ती वळली आणि एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मॅनेजर असली म्हणून काय झालं? घरचं लग्न आहे. आपल्या माणसांना आपल्या हाताने दाखवायला नको? दाखव गं रोवेना, फ्लॉसीकाकीला मोरपिशी."

मग रोवेनाने तीन तास साड्या दाखवल्या. क्षितिजा एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने. चांगलं हसून दाखवल्या. फ्लॉसीकाकीला मोरपिशी मिळाली, गॉडफ्रेला सूट मिळाला, मामीनेसुद्धा शेवटी काहीतरी घेतलं. बेटीने स्वतःसाठी काही घेतलं नाही. ती सोफ्यावरही बसली नाही. लोकांनी दहादा म्हटलं, ती म्हणाली बसून बसून पाठ धरलीय.

रात्री रोवेना घरी आली तर बेटी अंधार करून ओट्यावर बसली होती.

"सोड ती नोकरी," ती म्हणाली.

"सोडते. मग तू काय करणार आहेस ते सांग."

बेटीने वळून अंधाऱ्या घरात बघितलं. विळा कुठल्या खुंटीला आहे ते दोघींना माहीत होतं. रोवेना तिच्याशेजारी ओट्यावर टेकली. मग बेटी म्हणाली, "जेवून घे. बसून जेव." आणि उठताना तिला उठवेना, तेव्हा रोवेनाने हात दिला.

रविवारी मिस्सेनंतर बेटी चर्चच्या आवारात नॅन्सीशी आणि फ्लॉसीकाकीशी बराच वेळ काहीतरी बोलत होती. रोवेनाला वाटलं, लग्नाच्या जेवणाचं असेल. तिला दहाला दुकान गाठायचं होतं, ती निघून गेली.

 मंगळवारी दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला, जिन्यात सावकाश पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. बेटी वर आली. लग्नाला नेसायची साडी, केसांना तेल, हातात पर्स.

"या बाय," काशीरामकाका उठून म्हणाले. "पानी आनू?"

बेटी ऐटीत सोफ्यावर बसली. लेकीकडे असं बघितलं, जसं काही आज पहिल्यांदाच भेटतेय. "ताई, मला पैठणी बघायची आहे," ती म्हणाली. "पण मला मान वर करून बघता येत नाही. मानेचा त्रास आहे. तुम्ही इथे माझ्या शेजारी बसा आणि बसून दाखवा."

"मम्मी, अगं…"

"गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, असं खाली जिन्याशी लिहिलंय. मी वाचून आल्ये."

रोवेना हातात पैठणी घेऊन सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. सनई थांबली. 

"रोवेना…" आवाज आला.

बेटीने छताकडे बघितलं. मानेचा त्रास असलेल्या बाईच्या मानाने फारच सहज बघितलं. "मीच बसायला सांगितलं त्यांना," ती आवाजाला म्हणाली. "शनिवारी अठरा माणसं घेऊन आले होते, आठवत असेल तुम्हाला. अजून मुलीकडच्यांची खरेदी व्हायची आहे. ती कुठून करायची ते मी बघत्ये."

 मग सनई सुरू झाली.

"सरक मागे," बेटी हळूच म्हणाली. "नीट बस, पाठ टेकून. उद्या नॅन्सी येणार आहे, तिला ब्लाउजपीस बघायचंय. परवा फ्लॉसी. रोज तीन वाजता एक जण. फ्लॉसीला सांगितलंय, तिने त्या क्षितिजाला बसवायचं. एका वेळी तास-दीड तास तरी काढायचा आणि घ्यायचं काही नाही. ते जमेल सगळ्यांना."

"असं किती दिवस चालेल मम्मी?"

"ते मला माहीत नाही. आज चाललंय."

रोवेना मागे टेकली. पाय जमिनीवरून उचलले गेले आणि तिला कळेना त्यांचं काय करायचं. दोघींच्या मांडीवर पैठणी पसरली होती आणि कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. बेटीने पदरावरून हात फिरवत विचारलं, "कुठं दुखतं?"

"कुठं काय, काही नाही गं," रोवेनाच्या तोंडून निघून गेलं. मग ती थांबली. म्हणाली, "पोटऱ्या. आणि टाचा, सकाळी उठल्यावर जमिनीला टेकवत नाहीत. डाव्या पायाच्या शिरा वर आल्यात. म्हणून मी घरातही मोजे घालते." आणि एकदा सुरू झाली ती थांबेचना. कंबर, रात्री येणारे पेटके, पाणी कमी प्यायचं म्हणजे सारखं खाली जावं लागत नाही ते, हसून हसून दुखणारे गाल, सगळं सांगितलं. अगदी हळू आवाजात, साडीची माहिती सांगतात तसं.  पैठणीचे मोर बारकाईने बघत असल्यासारखी बेटीने मान खाली घातली होती, म्हणजे वरून बघणाऱ्याला तिचे डोळे दिसले नसते.